पीएमएफएमई योजना: बेळगाव भागातल्या बायकांना कितपत कामाची?

पापड, शेवया, सांडगे, चटण्या, गूळ असा खाण्याच्या पदार्थांचा धंदा घरातून करणाऱ्या बाईसाठी पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया धंद्यांना कर्जावर अनुदान देणारी केंद्र सरकारची योजना, खरंच चांगली आहे. पण चालू धंदा वाढवायला. अजून एक किलोही माल विकला नसेल, तर आधी गिऱ्हाईक जमवा, कर्ज नंतर.

हिशेब असा. केंद्राचं अनुदान 35 टक्के, त्यावर कर्नाटक सरकारचे 15. चार लाखांच्या यंत्रांवर दोन लाख सुटतात. स्वतःचे 10 टक्के, म्हणजे 40 हजार घालायचे, उरलेले 3 लाख 60 हजार बँकेचं कर्ज. अनुदान मात्र हातात पडत नाही. ते बँकेतच वेगळ्या खात्यावर तीन वर्षं राहतं आणि हप्ते थकले नसतील तरच कर्जात वळतं होतं. म्हणून हप्ता झेपतो का, हे अनुदान बाजूला ठेवूनच बघायचं.

प्रकल्प अहवाल करून द्यायला जिल्ह्यात डीआरपी, म्हणजे योजनेसाठी मदत करणारी माणसं, नेमलेली असतात. त्यांना मानधन सरकार देतं. त्यामुळे फाईलसाठी एजंटाला पैसे मोजायची काहीच गरज नाही.

अर्ज अडतो तो कागदांवर. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, कन्नड उताऱ्यावर तिसरंच स्पेलिंग. हे आधी जुळवून घ्या. जागा नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असते, तर भाडेकरार करून घ्या. महिला संघाच्या (बचत गटाच्या) किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जाचा एखादा हप्ता चुकला असेल तर सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसू शकतो, म्हणून तो रिपोर्ट आधी काढा. निदान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तरी काही शाखा मागतात. अशा वेळी नकार लेखी मागायचा. आणखी एक, घरातल्या एकालाच लाभ मिळतो. नवऱ्यानं लाभ घेतला की बायकोची वाट बंद. ज्या बाईचा हात चालतो, तिच्याच नावानं अर्ज जावा.

यंत्र निवडताना शेवयाच्या मशीनआधी ड्रायरचा विचार करा. खानापूरपासून बेळगावपर्यंत पावसाळ्यात ऊन मिळत नाही, माल ओलसर राहतो आणि पाकिटात बुरशी धरतो. मशीन कितीही मोठं आणलं तरी वाळवणीइतकाच माल निघणार. ड्रायरमध्येही सुरुवातीलाच जास्त उष्णता दिली की शेवया वरून कडक होतात, आत ओल राहते आणि मग तडकतात. मंद उष्णता, फिरती हवा. ड्रायरसाठी विजेचा लोड हेस्कॉमकडून, म्हणजे वीज कंपनीकडून, वाढवून घ्यावा लागेल, तो खर्च अहवालात आधीच धरा.

योजनेची खरी उणीव खेळत्या भांडवलाची. दुकानदार माल उधारीवर घेतो आणि इकडे गहू-डाळ मात्र रोखीनं आणावी लागते. संघातल्या बाईला बीजभांडवल म्हणून 40 हजारांपर्यंत मिळू शकतात, पण तेही संघाकडून कर्जाऊ. एकटीला तेवढाही आधार नाही, म्हणून निदान दोन महिन्यांच्या कच्च्या मालाचे पैसे बाजूला असल्याशिवाय सही करू नये. आणि अर्ज दिवाळीच्या आत द्या, म्हणजे उन्हाळ्याच्या हंगामापर्यंत यंत्र बसलेलं असेल.