सबटायटल, कॅप्शन की साउंड रिंग: गेममध्ये आधी काय टाकायचं?

टीम छोटी, वेळ कमी, आणि कर्णबधिर किंवा कमी ऐकू येणाऱ्या प्लेयरसाठी काहीतरी करायचंय. बहुतेक जण सबटायटल टाकतात आणि मोकळे होतात. पण सबटायटल म्हणजे फक्त बोललेलं, मागून दार उघडलं, बॉम्बची टिकटिक सुरू झाली ते कुठे दिसणार? ते कॅप्शनचं काम, आणि हाफ-लाइफ २ मध्ये ते २००४ लाच होतं, म्हणजे नवा शोध वगैरे नाहीये.

आता नुसतं 'पावलांचा आवाज' लिहूनही भागत नाही, कुठल्या बाजूने ते कळायला हवं ना. माइनक्राफ्टच्या जावा एडिशनमध्ये खाली कोपऱ्यात आवाजाचं नाव येतं आणि आवाज नजरेबाहेरचा असेल तर डावा नाहीतर उजवा बाण. बस्स एवढंच. स्टोरी, पझल, सर्व्हायव्हल असला गेम असेल तर मी डोळे झाकून हेच घेईन, खर्च कमी आणि उपयोग भरपूर.

शूटर असेल तर मात्र गोष्ट वेगळी, समोरून गोळ्या येत असताना वाचत कोण बसणार! तिथे फोर्टनाइटसारखी रिंग हवी, स्क्रीनच्या मध्याभोवती पावलं, गोळीबार, चेस्ट यांचे आयकॉन त्या त्या दिशेला उमटतात. ऐकू येणारेही ती ऑन करतात आणि मग 'ही तर चीटिंग' अशी ओरड होते, पण ऑप्शन सगळ्यांनाच आहे की, चीटिंग कसली?

आवाज झाला की कंट्रोलर थरथरणं, म्हणजे व्हायब्रेशन, छान आहे, पण सोबतीला. कीबोर्डवाल्याला ते मिळतच नाही.

व्हॉइस चॅट असेल तर पिंग पण द्या, एपेक्स लेजेंड्ससारखं, बटण दाबलं की टीमला शत्रू कुठे ते दिसतं. एपेक्सची कंपनी ईए, तिने त्याचं पेटंट २०२१ मध्ये सगळ्यांना मोफत वापरायला खुलं केलंय, त्यामुळे ती भीती नको.

आणि काहीही निवडा, सबटायटल सुरुवातीपासून ऑन ठेवा. असॅसिन्स क्रीड ओरिजिन्समध्ये ती ऑफ होती तरी ६० टक्के लोकांनी ऑन केली, पुढच्या ओडिसीमध्ये आधीच ऑन होती तर ९५ टक्के लोकांनी तशीच राहू दिली. नाहीतर होतं काय, ओपनिंग कटसीन, म्हणजे सुरुवातीचा गोष्ट सांगणारा व्हिडिओ, संपल्यावर मेनू उघडायला मिळतो आणि तोपर्यंत कोण मेलं, कोणी मारलं सगळं निघून गेलेलं असतं.