वायरचा इयरफोन की ब्लूटूथ? डोक्याजवळच्या लहरींचा हिशेब

फोन कानाला लावून तासन्‌तास बोलायचं नाही, एवढं ठरलं की पुढचा पेच हाच.

डोक्याजवळची शक्ती: ४जी फोन जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॅटच्या रेडिओ लहरी सोडतो, २जी क्षणभर २ वॅटपर्यंत. ब्लूटूथ इयरबड सहसा १० मिलिवॅटच्या (०.०१ वॅट) आत. वायरच्या इयरफोनमध्ये ट्रान्समीटर, म्हणजे लहरी सोडणारा भागच नाही. म्हणजे इथे वायर पुढे. पण कानाला लावलेल्या फोनपुढे दोन्ही किरकोळ.

अंतर: खरी गफलत इथे होते. वायर लावून फोन खिशात ठेवला, तर डोकं सुटतं आणि मांडी सापडते. वायर जेमतेम सव्वा मीटर. ब्लूटूथ असेल तर फोन खिडकीत, चांगल्या रेंजमध्ये ठेवता येतो. रेंज कमी असली की फोन स्वतःच शक्ती वाढवतो, त्यामुळे जागेची ही निवड बरीच मोलाची. (‘रेडिएशन रोखणारे’ स्टिकर अँटेनाच झाकत असतील, तर फोन उलट जास्त जोर लावतो.)

टिकाऊपणा: वायर पिनपाशी तुटते, इयरबडची बॅटरी दमते.

घाबरायचं किती? या लहरींचा सिद्ध परिणाम म्हणजे ऊतींचं तापणं, आणि फोनसाठीच्या सुरक्षा-मर्यादा त्यावरूनच ठरल्या आहेत. ‘आयएआरसी’ या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये त्यांना २बी, म्हणजे ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं. तो पुरावा किती पक्का आहे यावरचा शेरा आहे, धोक्याच्या आकाराचा नव्हे.

टेबलाशी बसून लांब बोलणाऱ्याने वायर घ्यावी. घरात फिरत बोलणाऱ्याला किंवा रेंज एकाच कोपऱ्यात असणाऱ्याला ब्लूटूथ. एकटेच असाल तर स्पीकर. काहीच विकत घ्यायला नको.