हाड जुळतं, मग कूर्चा का नाही?
मनगटाचं हाड मोडलं तर प्लास्टरमध्ये साधारण सहा आठवड्यांत सांधतं. गुडघ्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत, लवचिक थर) झिजली तर वर्षं गेली तरी पूर्ववत होत नाही. दोन्ही संयोजी ऊतीच, म्हणजे शरीराला जोडणाऱ्या, आधार देणाऱ्या. मोठा फरक रक्तपुरवठ्याचा.

हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार, उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन हे चिवट प्रथिन. क्षारांमुळे ते दाब सोसतं, कोलॅजनमुळे चटकन तडकत नाही. आतल्या ‘हॅवर्सियन’ नावाच्या बारीक नलिकांतून रक्तवाहिन्या जातात. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट नवं रचतात. हाड मोडलेलं नसलं तरी हे काम चालूच.

कूर्चेत 70 ते 80 टक्के पाणी. रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतूही नाहीत, त्यामुळे सुरुवातीची झीज कळतही नाही. पुढे दुखतं ते आजूबाजूचं. तिच्या पेशी सांध्यातल्या वंगणद्रवावर जगतात, आणि तो द्रव आत-बाहेर खेळतो चालताना पडणाऱ्या दाबाने. गुडघा कुरकुरला की खुर्ची धरून बसणं मला तरी पटत नाही.

गंमत अशी, की प्लास्टरमधलं हाड जुळतानाही मोडलेल्या टोकांमध्ये आधी बहुतेकदा कूर्चाच धरते. हाड मागाहून तिची जागा घेतं.