जुन्या प्लास्टिक विमान-किटांसोबत नऊ महिने: जोडून, मोजून आणि शेजारी ठेवून

गेल्या नऊ महिन्यांत मी अकरा जुनी विमान-किटे, म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायची छोटी विमाने, मिळवली. त्यांपैकी सात पूर्ण जोडून झाली, आठवे टेबलावर आहे आणि उरलेल्या तिन्हींचे भाग मोजून, नोंदी करून पुन्हा खोक्यात ठेवले आहेत. या सगळ्यांचे साचे १९५० ते १९८० या काळातले आहेत आणि बहुतेकांचे प्रमाण १/७२ आहे. जुन्या किटांविषयी बोलणे निघाले, की ते खोक्याची अवस्था, दुर्मिळता आणि पंखांवरचे ठसठशीत रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी) यांच्याभोवतीच फिरते. जोडून झाल्यावर ते विमान त्या विमानासारखे दिसते का, हा खरा प्रश्न मात्र मागे राहतो. सात किटे हातावेगळी केल्यावर माझे मत पक्के झाले आहे, की जुने किट आकारावरून पारखावे, पृष्ठभागावरून नव्हे.

याचे कारण साध्या गणितात आहे. १/७२ या प्रमाणात मॉडेलवरचा एक इंच म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट. पंखावरचा रिव्हेट अर्धा मिलिमीटर रुंद असेल, तर खऱ्या विमानावर तो ३६ मिलिमीटरचा होईल, आणि असा रिव्हेट कोणत्याही लढाऊ विमानावर नसतो. पण आजच्या किटांवर जी कोरीव पॅनेल रेषा (पत्र्यांच्या सांध्याची खूण) आपण वाखाणतो, ती ०.३ मिलिमीटर रुंद असली तरी प्रत्यक्षात दोन सेंटिमीटरांहून मोठी फट ठरते. म्हणजे जुने आणि नवे दोघेही पृष्ठभागाच्या बाबतीत सोयीपुरते खोटे बोलतात. रिव्हेट घासून काढता येतात, रेषा पुन्हा कोरता येतात. पण धडाची उंची कमी असेल किंवा नाकाचा उतार चुकला असेल, तर पॉलिश पेपर कितीही चालवला तरी तो दोष जात नाही.

म्हणून आता नवे खोके आले, की मी सर्वांत आधी व्हर्नियर कॅलिपर हातात घेतो. स्पिटफायरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा पंखविस्तार ११.२३ मीटर होता. १/७२ मध्ये तो १५६ मिलिमीटर यायला हवा. हरिकेनचा १२.१९ मीटर, म्हणजे १६९ मिलिमीटर. लँकेस्टरचा ३१.०९ मीटर, म्हणजे ४३२ मिलिमीटर. दोन मिलिमीटरांची चूक खऱ्या विमानावर १४४ मिलिमीटरांची होते. एवढ्या लांबीत ती डोळ्यांना जाणवत नाही. मात्र तेवढीच चूक कॅनोपीच्या, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाच्या, उंचीत असेल, तर विमानाचा चेहराच बदलतो. त्यामुळे नुसती एकूण लांबी आणि पंखविस्तार मोजून निकाल देणे मी पहिल्या दोन किटांनंतरच सोडून दिले. आता मी धडाची खोली तीन ठिकाणी मोजतो, पंखाची रुंदी मुळाशी आणि टोकाशी मोजतो, आणि मग दोन्ही भाग चिकटपट्टीने तात्पुरते जोडून हातभर अंतरावरून पाहतो.

वेगवेगळ्या उत्पादकांची किटे एका टेबलावर आली, की प्रत्येकाने कशाला महत्त्व दिले होते ते दिसू लागते. एअरफिक्सचे पहिले विमान-किट १९५३ सालचे, १/७२ स्पिटफायर. तिथून पुढच्या दोन दशकांत त्यांनी इतकी विमाने एकाच प्रमाणात काढली, की शेजारी ठेवून तुलना करण्याची सवय आपल्याला बऱ्याच अंशी त्यांनीच लावली, असे मी मानतो. रॉय क्रॉस यांनी १९६४ पासून सुमारे दहा वर्षे त्यांच्या खोक्यांवरची चित्रे रंगवली. ढगांवर पडलेला उजेड आणि वळण घेताना कललेला पंख यांत इतका जिवंतपणा आहे, की आतले भाग कसेही असोत, ते झाकण टाकून देणे मला शक्य नाही.

फ्रॉगची गोष्ट निराळी आहे. त्यांनी १९३६ मध्ये सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकची १/७२ किटे आणली आणि ही विमाने उडत नसल्यामुळे त्या मालिकेला पेंग्विन हे नाव दिले. सेल्युलोज ॲसिटेट काळानुसार आकसते आणि वाकते, म्हणून त्या काळातली किटे आज मोजून काही सिद्ध होत नाही. पुढे पॉलिस्टायरिन हे प्लास्टिक आले आणि फ्रॉगने इतरांनी हात न लावलेली विमाने निवडली: ब्लॅकबर्न स्कुआ, ब्लॅकबर्न शार्क, मार्टिन बाल्टिमोर, व्हल्टी व्हेंजन्स. १९७६ मध्ये फ्रॉगचे उत्पादन थांबले आणि बहुतेक साचे सोव्हिएत संघात गेले. तिथली किटे नोव्हो या नावाने बाहेर विकली गेली. जर्मन आणि जपानी युद्धविमानांचे साचे मात्र त्या व्यवहारात नव्हते. ते रेव्हेलकडे गेले. त्यामुळे एकाच साच्यातून निघालेले भाग आज वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत सापडू शकतात, आणि ज्याला केवळ बांधणीसाठी किट हवे आहे, त्याने मूळ नावाच्या खोक्यासाठी अडून बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच संदर्भात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पंखाच्या आतल्या बाजूला कोरलेले वर्ष हे साचा तयार झाल्याचे असते, तो भाग ओतल्याचे नव्हे. एकच साचा पुढे कितीतरी वर्षे चालतो आणि झिजत जातो. त्याची खूण फ्रेमवरच्या (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरच्या) भागांच्या कडांवर दिसते: सुरुवातीच्या ओतीव भागांची कड धारदार असते, नंतरच्यांना पातळ पापुद्रा सुटतो, तो आम्हा जोडणाऱ्यांच्या भाषेत फ्लॅश. म्हणून दोन उत्पादकांची तुलना करताना एकाचा पहिल्या काळातला भाग आणि दुसऱ्याचा शेवटच्या काळातला भाग समोरासमोर ठेवला, तर ती तुलना साच्याच्या वयाची होते, कारागिरीची होत नाही.

१९७३ पासून आलेली मॅचबॉक्सची किटे दोन-तीन रंगांच्या प्लास्टिकमध्ये असत आणि त्यांच्या खोल पॅनेल रेषांवर खूप टीका झाली आहे. ती टीका मला अर्धवट वाटते. हँडली पेज हेफर्ड, सुपरमरीन स्ट्रॅनरेर, व्हिकर्स वेलस्ली अशी विमाने त्यांनी निवडली; त्या विषयांची आस्था नसती तर हे धाडस कोणी केले नसते. खोल रेषा पुट्टीने भरता येतात. मोनोग्रामचा १/४८ बी-१७जी हा बॉम्बफेकी विमानाचा किट १९७५ सालचा. त्याच्या पॅनेल रेषा उठावदार, म्हणून कित्येक जण तो जुनाट ठरवतात. पण आतली कॉकपिटची रचना पाहताना साचा करणाऱ्याने जीव ओतला होता हे पटते. पंखविस्तार सुमारे ६६ सेंटिमीटर होतो, तेव्हा ठेवायची जागा आधी मोजून घ्यावी. रेव्हेलची १९५० च्या दशकातली बरीच किटे ठरावीक मापाच्या खोक्यात मावतील अशा प्रमाणात काढलेली होती. ती तुलनेला निरुपयोगी, पण त्या काळाची नोंद म्हणून जपण्याजोगी आहेत.

आता अवस्थेविषयी. एका विक्रेत्याने ‘सर्व भाग पूर्ण’ असे लिहून दिलेल्या किटात कॅनोपीच नव्हती, आणि विचारणा केल्यावर उत्तरही आले नाही. तेव्हापासून मी फ्रेमची आणि पारदर्शक भागांची छायाचित्रे पाहिल्याशिवाय किट घेत नाही. मऊ व्हिनाइलचे टायर असतील, तर चाकाचा मधला भाग नीट पाहावा; टायरमधील प्लास्टिसायझर (मऊपणा आणणारे रसायन) पॉलिस्टायरिनला मऊ करून खातो आणि बंद खोक्यात चाक चिकट गोळा होऊन बसते.

सर्वांत जास्त काळजी डिकलची, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या छापील चिन्हांची, घ्यावी लागते. पिवळी पडलेली डिकल शीट पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला लावली, की उन्हाने पिवळेपणा हळूहळू उतरतो. माझ्या एका शीटला यासाठी तीन आठवडे लागले. पण पांढरी झालेली शीट पाण्यात टिकेलच असे नाही. माझ्या चौथ्या किटचे पहिलेच वर्तुळचिन्ह पाण्यात सोडल्यावर क्षणभर अखंड तरंगले आणि ब्रश लागताच त्याचे पंधरा-वीस तुकडे झाले. तो शीटवरचा सर्वांत मोठा तुकडा होता आणि मला त्याचे अजूनही वाईट वाटते. आता मी आधी शीट स्कॅन करतो, एक बिनमहत्त्वाचे अक्षर पाण्यात टाकून पाहतो, आणि ते तुटले तर संपूर्ण शीटवर पारदर्शक लॅकरचा हात देतो. लॅकरने सगळ्या शीटवर एकच पापुद्रा तयार होत असल्यामुळे नंतर प्रत्येक चिन्ह कडेला लागून वेगळे कापावे लागते.

जोडणीत सर्वाधिक वेळ पंख आणि धड यांच्या सांध्यात जातो. माझ्या पाचव्या किटात तिथे जवळजवळ एक मिलिमीटरची फट होती. पुट्टीने ती भरली असती, पण घासताना आजूबाजूचे सगळे उठावदार तपशील गेले असते. शेवटी फ्रेमच्या दांडीचा एक तुकडा कापून धडाच्या आत आडवा बसवला. धड किंचित फाकले आणि फट आपोआप मिटली. तिथे द्रव सिमेंटचा (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाचा) एक थेंब ब्रशने टेकवला, की तो सांध्यातून स्वतःच धावत जातो, दोन्ही कडा विरघळतात आणि सुकल्यावर एकजीव होतात. हे पाहण्यासाठी मी दर वेळी भिंग घेऊन बसतो.

सध्या टेबलावर आठवे किट आहे, एक जुनी स्पिटफायर. तिच्या पंखांचा वर उचललेला कोन ६ अंशांचा हवा, म्हणून त्या कोनात जाड पुठ्ठा कापून दोन्ही पंखांखाली आधार दिला आहे. सिमेंट पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे उद्या सकाळपर्यंत, तिला हात लावायचा नाही.