काटावी की दक्षिण लुआंग्वा?

मसाई मारा एकदा पाहून झालं की बरेच जण विचारतात, एका सिंहाभोवती वीस गाड्या उभ्या नसतील असं आता कुठे जायचं? माझ्याकडे त्यावर दोन राष्ट्रीय उद्यानांची नावं आहेत. एक झांबियातलं दक्षिण लुआंग्वा, दुसरं टांझानियाच्या पश्चिमेचं काटावी. निवांतपणा दोन्हीकडे आहे, पण एकासाठी पाय लागतात आणि दुसऱ्यासाठी बैठक.

पोचायला लुआंग्वा सोपं. आदिस अबाबामार्गे लुसाका, तिथून छोट्या विमानाने मफुवे, पुढे उद्यानाच्या फाटकापर्यंत डांबरी रस्ता. काटावीला लहान विमानं ठरावीक वारीच जातात. एक चुकलं की दोन-तीन दिवस गेले. रस्त्याने जायचं तर दार-एस-सलामहून हजार किलोमीटरच्या वर. लहान विमानात सामान बहुधा 15 किलोच चालतं आणि तेही मऊ पिशवीत, त्यामुळे मोठी लेन्स घेणाऱ्यांनी कपडे कमी करावेत.

लुआंग्वा साधारण 9,050 चौरस किलोमीटर, काटावीच्या दुप्पट. पण तिथे जायचं ते चालायला. पायी सफारीची पद्धत नॉर्मन कार यांनी याच खोऱ्यात रुजवली. पुढे बंदूकधारी वनरक्षक, मागे वाटाड्या, त्याच्यामागे एका रांगेत आपण, आणि बोलणं बंद. पावसाळ्यात चिखलात रुतलेली हत्तीची पावलं उन्हाळ्यात दगडासारखी वाळतात. आपल्याकडच्या भेगाळलेल्या काळ्या रानात चालल्यासारखं वाटतं, फक्त प्रत्येक खड्डा परातीएवढा. जीपमधून जे नुसतं ‘हत्ती दिसला’ असतं, ते इथे ताज्या लिदीच्या वासापासून सुरू होतं. शिवाय रात्री गाडीतून फेरी मारायला परवानगी आहे, आणि बिबट्यासाठी हे खोरं नावाजलेलं आहे. थॉर्निक्रॉफ्ट जिराफ तर याच खोऱ्यात सापडतो. सप्टेंबरात नदीच्या उभ्या काठांवर आपल्या वेड्या राघूचे किरमिजी भाऊबंद शेकडो बिळं करून राहतात.

काटावीचं सगळं पाण्याभोवती, खरं तर पाणी आटण्याभोवती. सप्टेंबर-ऑक्टोबरात काटुमा नदीची डबकी उरतात आणि एकेका डबक्यात शेकडो पाणघोडे पाठीला पाठ लावून पडतात. मधूनच एखादा मुसंडी मारतो, मग अख्खा ढीग हलतो, डरकाळ्या उठतात. वास सहन करावा लागतो. मगरी काठाच्या कपारीत एकीवर एक रचल्यासारख्या पडून असतात. उघड्या मैदानावर रानम्हशींचे मोठमोठे कळप आणि त्यांच्या मागावर सिंह. काटावी तळ्याकाठच्या एका चिंचेत काटाबी नावाचा आत्मा राहतो असं स्थानिक लोक मानतात आणि झाडाशी नैवेद्य ठेवतात. उद्यानाचं नाव त्याच्यावरूनच पडलं.

गेंड्यासाठी जात असाल तर दोन्हीकडे निराशा होईल. लुआंग्वाचे गेंडे शिकाऱ्यांनी संपवले. आता काळे गेंडे पुन्हा सोडले आहेत ते उत्तर लुआंग्वा या वेगळ्या उद्यानात.

खर्चात मोठा फरक पडतो. मफुवेजवळ, उद्यानाबाहेर नदीकाठी तंबू ठोकण्यापासून महागड्या लॉजपर्यंत सगळं मिळतं. काटावीत आतले तळ मोजके आणि महाग. सितालिके गावाजवळ साधी सोय होते, पण तिथे रोजच्या गाडीचं आधी ठरवून जा. त्सेत्से माश्या दोन्हीकडे चावतात. गडद निळे आणि काळे कपडे त्यांना खेचतात, तेव्हा खाकी बरे. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. वाटेत कोणता देश लागतो त्यावर पीतज्वराच्या लसीचा नियम ठरतो. लागणार असेल तर ती निघण्याआधी निदान 10 दिवस घ्या.

पहिल्यांदाच आडवाटेच्या आफ्रिकेत जात असाल, सोबत आईवडील असतील किंवा हाताशी चारच दिवस असतील, तर मी लुआंग्वाच सांगेन, आणि जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरात प्राणी भरपूर दिसतात, पण उकाडा जीव घेतो. ज्येष्ठांना चालणं जमणार नसेल तरी रात्रीची फेरी सोडू नका. एकाच डबक्याकाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायला तुम्हाला आवडत असेल, तर मात्र काटावी. तिथे चार रात्रींपेक्षा कमी नको आणि पावसाळ्यात तर नकोच, कारण मैदानं पाण्याखाली जातात आणि कळप पांगतात.