सॅक्सनीचा वारस: दत्तक भाचा की चुलत पुतण्या?

१३ नोव्हेंबर १९१८ रोजी राजा तिसरा फ्रीडरिश ऑगस्ट याने जर्मनीतल्या सॅक्सनीचे सिंहासन सोडले. राज्य गेले, त्याच्या वेटिन राजघराण्याचे प्रमुखपद मात्र राहिले. त्याचा नातू मारिया एमानुएल २०१२ मध्ये निपुत्रिक वारला आणि हे प्रमुखपद कोणाचे, हा वाद उघड्यावर आला.

एकीकडे अलेक्झांडर. हा मारिया एमानुएलच्या बहिणीचा मुलगा, वडील लेबनीज वंशाचे. मामाने १९९७ मध्ये त्याला वारस नेमले आणि १९९९ मध्ये रीतसर दत्तक घेतले. घरातल्यांनी आधी संमती दिली, पुढे काहींनी ती मागे घेतली. त्याची पत्नी बव्हेरियाच्या राजघराण्यातली, म्हणजे 'बरोबरीचा' विवाह. पण रक्ताचे नाते आईकडून.

दुसरीकडे रुडिगर, मारिया एमानुएलच्या चुलतभावाचा मुलगा. राजापासून थेट पुरुषवंशातला. आक्षेप एकच: त्याची आई खाटकाची मुलगी. जुन्या कुळनियमानुसार अशा, 'बरोबरीच्या' नसलेल्या विवाहाच्या मुलांना वारसाहक्क नाही. १९५२ मध्ये, राजेशाही जाऊन तीन दशके उलटल्यावर झालेल्या लग्नाला हा नियम लावावा, हे मला अन्यायाचे वाटते. आईच्या माहेरावरून माणसाला घराबाहेर ठेवणे मनाला लागते.

नियमाच्या कागदावर अलेक्झांडरची बाजू भक्कम, कारण प्रमुखाचा शब्द त्याच्या पाठीशी आहे. तरी माझा कौल रुडिगरच्या शाखेला. तो २०२२ मध्ये गेला. आता त्याचा मुलगा डॅनियल तोच दावा सांगतो.