टेम्परेचर प्रोबवाला मल्टीमीटर: जुन्या गाडीचा कूलंट सेन्सर तपासायला घेतला, समाधान झालं

जुनी इंजेक्शनची पेट्रोल गाडी गरम असताना लवकर स्टार्ट होत नसेल आणि काळा धूर सोडत असेल, तर ‘कूलंट सेन्सर गेला, बदलून टाका’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. कूलंट सेन्सर म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान मोजणारा सेन्सर. मला आधी तपासून बघायचं होतं, म्हणून ऑटोरेंजचा (रेंज आपोआप निवडणारा), सोबत तापमान मोजणारा के-टाइप प्रोब असलेला मल्टीमीटर घेतला.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सेन्सर काढला. त्याचं टोक आणि प्रोब गरम पाण्यात शेजारी-शेजारी धरले, दोन्ही भांड्याच्या तळाला टेकू दिले नाहीत. हा सेन्सर तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो. माझ्या सेन्सरचं रीडिंग 20 अंशाला अडीच हजार ओहमच्या आसपास होतं, 80 ला सव्वातीनशेवर आलं. मध्ये कुठेही उडी नाही, अडखळणं नाही. गाडीच्या मॅन्युअलमधल्या तक्त्याशी आकडे जुळले. आकडे प्रत्येक गाडीचे वेगळे असतात, त्यामुळे तक्ता आपल्याच गाडीचा बघा.

म्हणजे सेन्सर ठणठणीत! मग सेन्सरला वायर जोडणारा कनेक्टर. इग्निशन ऑन केल्यावर तिथे पाच व्होल्ट व्यवस्थित येत होते, पण तेवढ्यावर थांबू नका. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या पिनेतूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. टॉर्च मारून पाहिलं तर एका पिनेवर हिरवट थर. गंजाचा रेझिस्टन्स सेन्सरच्या रेझिस्टन्समध्ये मिळवला जातो, ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) इंजिन थंडच वाटतं आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्या, धूर बंद झाला.

आता मीटरबद्दल. तापमान आणि ओहम एकाच वेळी दिसत नाहीत, नॉब फिरवत बसावं लागतं आणि तोवर पाणी थोडं निवतं. हीच याची मोठी उणीव. शक्य असेल तर तापमानाला वेगळा थर्मामीटर ठेवा. प्रोबची वायर मात्र लांब आहे, बॅकलाइट चांगला आहे, बॉनेटखालच्या अंधारात आकडे स्वच्छ दिसतात. मीटरच्या पिना जाड आहेत, बारीक कनेक्टरमध्ये जात नाहीत. जबरदस्तीने घुसवू नका, आतले टर्मिनल फाकतात. बारीक पिनांचा सेट वेगळा घ्याच.

आणखी एक, सेन्सर दोन असू शकतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत एका वायरचा सेन्सर डॅशबोर्डवरच्या काट्यासाठी असतो आणि दोन वायरचा ईसीयूसाठी. काटा बरोबर दाखवतो म्हणून दुसरा चांगलाच आहे असं धरू नका.